मुलांनी दिलेली चव

बसडेपोच्या कँटीनमध्ये तिला तिच्या नावाने कोणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. सगळ्यांच्या तोंडी अंदाजबाई. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले ग्रीसने काळे झालेले मेकॅनिक, सगळेच तसं म्हणायचे. नाव पडायला कारणही तसंच होतं. बाईने जन्मात कधी माप हातात धरलं नाही. पिंपाएवढ्या पातेल्यात मिठाची मूठ सोडायची, मनगटाला एक झटका द्यायचा, की विषय संपला. कामाला नवीन लागलेली एखादी विचारायची, "किती घालायचं हो?" तर ही म्हणायची, "अंदाजाने." "अंदाजाने म्हणजे किती?" "तो आला की कळतो." आता याला काय उत्तर म्हणायचं? पण रस्सा कधी बिघडला नाही, त्यामुळे उलट बोलायला कुणाला तोंडच राहिलं नव्हतं.

तशी बाई फटकळ. कुणी ताटाला नाक मुरडलं की म्हणायची, "घरी बायकोसमोर मुरडून दाखव, मग इथे ये." माणसं हसायची आणि दुसऱ्यांदा रस्सा मागायची. नवरा कुठल्याशा बंदरावर नोकरीला, असून नसल्यासारखा. शाळा अर्धवट सुटलेली, दिसायला चारचौघींसारखी. मिरवावं असं तिच्याकडे एकच होतं, ते म्हणजे जीभ. चमचाभर ओठाला लावून ती सांगायची, गाजर शिळं आहे, टोमॅटो अजून दहा मिनिटं शिजू दे, तेल बदललंय कुणी? आणि ते तसंच निघायचं. तिचा सगळा ताठा त्या जिभेवर उभा होता.

मग तिला ताप आला. सगळ्यांना येतो तसा आला, गेलाही. जाताना वास आणि चव घेऊन गेला. पहिले काही दिवस तिला वाटलं, सर्दी आहे, उतरेल. पाव खाल्ला तर ओला पुठ्ठा चावल्यासारखा लागे. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण नाकाला काही पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी? काहींची लवकर येते, काहींची उशिरा. आणि काहींची? डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, आंधळी-पांगळी तर झाली नाही. बरोबर आहे तुमचं. पण कँटीनचा नियम होता, खिडकी उघडायच्या आधी आचाऱ्याने सगळ्यांसमोर चाखायचं आणि मान हलवायची. मगच वाढायला सुरुवात. चव न कळणाऱ्या बाईला चुलीपुढे कोण उभं करील? तिला मागच्या मोरीवर बसवतील, ताटं घासायला. ताटं घासणं वाईट नाही, कुणीतरी घासतंच. पण ती त्या मोरीवर बसली असती तर ती मग कोण राहिली असती, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. म्हणून तिने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चाखल्यासारखं करायचं, मान हलवायची, कुणाला कळू द्यायचं नाही.

कळलं फक्त एकीला. भाज्या सोलणारी एक थोराड बाई होती, जाड भिंगांची, सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिने दोनच दिवसांत ओळखलं, आणि तोंडातून एक शब्द न काढता मदतीला उभी राहिली. कँटीनच्या साहेबांचं लक्ष नसताना ती रस्सा चाखायची आणि डाव पातेल्याच्या काठावर वाजवायची. वाजला की मीठ कमी, नाही वाजला की ठीक. अंदाजबाई त्या आवाजावर हात चालवायची. पण दुसऱ्याच्या जिभेवर किती दिवस काढायचे? चष्मेवाली आजारी पडली, रजेवर गेली तर? शिवाय ती डाव वाजवायची तेव्हा अंदाजबाईला आतून लाज वाटायची.

म्हणून तिने घरी शिकवणी काढली.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघर एवढं अरुंद की एकाने कपाट उघडलं की दुसऱ्याने बाहेर जायचं. आजवर तिने मुलांना तिथे पाय ठेवू दिला नव्हता. "दिवसभर गावाचं रांधून येते, घरी तरी माझ्या पायात येऊ नका" हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे एका संध्याकाळी तिने दोघांना आत बोलावून ओळीने उभं केलं तेव्हा दोघंही घाबरले. थोरली पंधराची, राग नाकाच्या शेंड्यावर. धाकटा नऊ वर्षांचा, सारखा काहीतरी गुणगुणत असायचा म्हणून घरात त्याचं नाव भुंगा.

"मला चव लागत नाही," ती म्हणाली. "वासही येत नाही. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. मी तुम्हाला हात शिकवते, तुम्ही मला जीभ उसनी द्या."

"माझी परीक्षा आहे," थोरली म्हणाली.

"परीक्षेला जेवून जाशील ना? मग सोल बटाटे."

सुरुवातीला नुसता गोंधळ होता. थोरलीने बटाट्याच्या सालीबरोबर अर्धा बटाटा काढला. भुंग्याने तांदूळ धुता धुता निम्मे मोरीत सोडले. पण बाईला शिकवता यायचं, हे तिचं तिलाच नवीन होतं. तिने थोरलीला डोळे मिटायला लावले आणि कांदा तेलात टाकला. "ऐक. आता ओरडतोय ना, त्यात पाणी आहे म्हणून. थांब. बघ, आवाज खाली आला. आता पाणी आटलं, आता तो तांबूस होणार. उघड डोळे." कांदा तांबूस होत होता. थोरली चकित होऊन बघत राहिली, आणि मग चकित झाल्याचं दिसू नये म्हणून तिने केस नीट केले. भुंग्याला भाताचं शीत चिमटीत दाबून बघायला शिकवलं. त्याने बोट पोळून घेतलं, पण शीत कधी शिजलं हे त्याला बरोबर कळायला लागलं, आणि मग तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायला लागला.

उलटी शिकवणीही चालू होती. थोरलीने एक चमचा शोधून काढला, मीठ भरलं आणि सुरीच्या पाठीने वरचं सपाट केलं. "शाळेत मॅडम सांगतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी एक चमचा. मी चाखते. मग अर्धा. मग परत चाखते."

"अगं, मी आयुष्यात मोजलं नाही."

"मग आता मोज. तुझा अंदाज गेलाय ना?"

पोर असं तोंडावर बोलली, पण बाईला राग आला नाही. खरंच होतं ते. जन्मभर मापाला हसलेली बाई पोरीच्या हाताखाली चमचे सपाट करायला शिकली. "कमी," थोरली म्हणायची. "अजून अर्धा. बस." पोरीची जीभ भलतीच तिखट निघाली. टोमॅटो आंबट आहे, कांदा कच्चा राहिलाय, सगळं सांगायची. बाईला वाटायचं, आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं. त्या दिवसांत त्या अरुंद खोलीत तिघंजण एकमेकांना कोपरं घासत उभी असायची आणि तिला कित्येकदा आपलं दुखणं विसरायलाही व्हायचं.

मग भात करपला. ती शेगडीसमोरच उभी होती, गाजरं चिरत. थोरली बाहेरून शाळेच्या बुटांसकट धावत आत आली आणि तिने गॅस बंद केला. पातेल्याच्या बुडाला काळा थर बसला होता. खोलीत धूर होता, तो बाईला आत्ता दिसला.

"आई, तू इथेच होतीस ना? वास जिन्यापर्यंत आलाय."

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, ती फक्त विचारत होती. पण बाई सुरी खाली ठेवून तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मुलांसमोर ती कधी रडली नव्हती. हुंदके देत, तोंडावर पदर वगैरे काही न घेता, लहान मुलीसारखी रडली. "मी संपले," ती म्हणाली. "समोर जळतंय आणि मला कळत नाही. उद्या तिथे असंच होणार. मला कुत्रं विचारणार नाही आता." भुंगा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं गुणगुणणं बंद झालं होतं.

पुढची गोष्ट बाईला फार उशिरा कळली, पण तुमच्यापासून कशाला लपवू? त्याच संध्याकाळी थोरलीने धाकट्याला जिन्यात नेलं आणि सांगितलं, "आईने विचारलं की छान म्हणायचं. काहीही असलं तरी छानच म्हणायचं. कळलं?" त्याला कळलं. त्याला तर ते सोपंच वाटलं.

आणि घरात सुख आलं. "कसं झालंय?" "छान." "मीठ?" "बरोबर आहे." पोरं पटापट जेवायची, ताटात काही टाकायची नाहीत. बाईच्या हाताला बळ आलं. ती थोडं थोडं जास्त घालून बघायला लागली, आणि एक दिवस तिच्या जिभेच्या टोकाला काहीतरी टोचलं. ती चव नव्हती. मीठ बेसुमार पडलं की मेलेल्या जिभेलाही टोचतं, तेवढंच ते होतं. पण आशेला कुठे एवढा फरक कळतो? "लागलं," ती म्हणाली. "मला खारट लागलं. तुम्हाला कसं लागतंय, खरं सांगा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "छान," भुंगा म्हणाला.

"अगदी बरोबर?"

"अगदी," थोरली म्हणाली.

तिने दोघांना ओढून जवळ घेतलं, पिठाच्या हातांनी त्यांचे केस पांढरे करून टाकले. आपली जीभ परत आली, आणि ती या पोरांनी आणून दिली, असं ती म्हणत राहिली. थोरलीने एकदा, दोन-चार दिवसांनी, तोंड उघडलं होतं. "आई, आज जरा..." बाईने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. "काही नाही," पोर म्हणाली, "जरा गरम आहे," आणि तिने तो घास गिळला. त्या दिवसापासून चमचा फळीवर पडून राहिला. बाई परत मुठीने मीठ घालायला लागली. टोचेपर्यंत घालायचं, एवढाच आता तिचा अंदाज होता.

आणि मग तो दिवस आला. बटाटा-गाजराचा रस्सा, भात, उकडलेली अंडी, रोजच्यासारखंच सगळं. चष्मेवालीने नेहमीप्रमाणे डाव उचलला. अंदाजबाईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. मला लागतंय आता."

"खरंच लागतंय?" चष्मेवालीने विचारलं. "एकदा बघू दे मला."

"माझ्यावर विश्वास नाही?"

एवढं बोलल्यावर कोण काय करील? चष्मेवाली तोंड पाडून गाजरांकडे गेली. अंदाजबाईने मूठ सोडली, चाखलं, अजून एक सोडली, चाखलं, आणि जिभेला टोचल्यावर सगळ्यांसमोर मान हलवली. खिडकी उघडली.

पहिला ड्रायव्हर घास तोंडात घेऊन थांबला. दुसऱ्याने कागदात थुंकलं. मागून एक जण म्हणाला, "बाई, मीठ फुकट वाटतायत का कुठे?" आणि रांगेत हशा पिकला. हसण्यापर्यंत ठीक होतं, तिने उलट काहीतरी बोलायला तोंडही उघडलं. पण मग हसू थांबलं. माणसं एकामागून एक भरली ताटं खिडकीवर परत आणून ठेवायला लागली. लांबच्या गाडीवर जाणारी माणसं ती, उपाशी. एक म्हातारा कंडक्टर, जो वर्षानुवर्षं तिच्याशी भांडून दोन अंडी जास्त घेत असे, त्याने ताट ठेवलं आणि हळूच विचारलं, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" शिव्या खाल्ल्या असत्या तिने, पण ते विचारणं तिला सहन होईना.

साहेब आत आले. तसा माणूस वाईट नव्हता.

"चाखलं होतंत?"

"हो साहेब."

"माझ्यासमोर चाखा बघू."

तिने वाटीत रस्सा घेतला. सगळे बघत होते, भाज्या सोलणाऱ्या बायका, खिडकीबाहेरची माणसं. तिने चमचा तोंडात घातला, नीट घोळवला, गिळला. जिभेच्या टोकाला टोचलं, घरी टोचायचं तेवढंच. घरी हे छान होतं.

"बरोबर आहे की साहेब," ती म्हणाली.

चष्मेवालीने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसायला लागली. साहेबांनी अंदाजबाईच्या हातातून वाटी काढून घेतली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. आणि मगच तिला कळलं, की आपण काय केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मोरीवर. चुलीपुढे चष्मेवाली, जिने कधी मागितलं नव्हतं. तिला अंदाजबाईकडे बघवत नसे, म्हणून ती तिकडे पाठ करून उभी राही. ताटं येत, खरकटं एका बाजूला, पाणी, साबण. नवीन मुलं तिला नुसतं "ओ बाई" म्हणत. तिचं ते नाव महिन्याभरात कँटीनमधून गेलंही, आणि कुणी मुद्दाम घालवलं असंही नाही.

मुलांवर ती ओरडली नाही. ताटं परत आली त्या दिवशी ती घरी आली, पाय न धुता खाटेवर बसली आणि विचारलं, "खारट होतं ना? रोज?" थोरली भिंतीकडे बघत राहिली. भुंग्याने सगळं सांगून टाकलं, जिन्यातलं, आणि शेवटी म्हणाला, "तू रडायला नको म्हणून." थोरली तेव्हा एकदम म्हणाली, "मी शिकवलं त्याला. मला मार." पंधरा वर्षांची पोर, आईपेक्षा बोटभर उंच, मार म्हणून समोर उभी राहिली. बाईने हात उचलला तो तिच्या गालाला लावला. माझ्या डोळ्यांतलं पाणी चुकवायला तुम्ही माझ्या अन्नाची माती केलीत, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. चूक कुणाची म्हणायची? मलाही सांगता येत नाही. प्रेम केलं हा काय गुन्हा आहे? पण माणूस त्यात बुडालं ते बुडालंच.

शिकवणी बंद करायचा तिला धीर झाला नाही. जीभ काही परत आली नाही, पण तिघांनी मिळून रांधण्याची सवय राहिली होती, आणि घरात दुसरं काय होतं? तिने फळीवरचा चमचा काढला. पोरीने शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. एवढ्या रश्श्याला किती चमचे सपाट, ते त्या पहिल्या दिवसांतच पक्कं झालं होतं, थोरली तेव्हा खरं बोलायची. तिने तेवढंच मीठ मोजून घातलं आणि ताटं वाढली.

"कसं आहे? खरं सांगा बरं का आता."

थोरलीने घास घेतला. भुंगा ताईच्या तोंडाकडे बघत थांबला.

"कमी आहे," थोरली म्हणाली.

"हो, कमी आहे," भुंगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही कमी होतं. तिसऱ्या दिवशी जास्त होतं, बटाटा कच्चा होता, भात चिकट होता. तिने भाताचं शीत चिमटीत दाबून बघितलं. भात चिकट नव्हता. पोरं आता रोज काहीतरी खोट काढत होती, चेहरा गंभीर करून, आपण आता खरं बोलतो हे आईला दिसावं म्हणून. छान म्हणायची त्यांना भीती बसली होती. तिला वाटलं, आता या घरात मला खरं कोण सांगणार? हीच दोन तोंडं, आणि ती दोन्ही माझ्याच तोंडाकडे बघून बोलतात.

चौथ्या दिवशी तिने प्रत्येक चमचा दोनदा सपाट करून घातला. मोजण्यात चूक नव्हती, याची तिला खात्री होती.

"कमी आहे," थोरली म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

नाही म्हणायचं तर पोरीला खोटं पाडायचं. थोरली तिच्याकडे बघत होती. आईने आपलं ऐकावं, एवढंच त्या पोरीला हवं होतं. बाईने मिठाचा डबा उघडला, दोघांच्या रश्श्यात चिमूट चिमूट घातलं आणि ढवळलं. "आता?"

"आता बरोबर आहे," थोरली म्हणाली. दोघांनी ते सगळं संपवलं. भुंग्याने पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि तो भरून आणायला उठला, आणि आई बघते आहे हे लक्षात आल्यावर तसाच परत ताटावर येऊन बसला.